‘नीट जेवतोय ना, मग ठीक आहे ना?’ : म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरच्यांसाठी

पार्ल्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा लॅब्रेडोर ब्रुनो येत्या दिवाळीत १३ वर्षांचा होईल. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन-तीन महिन्यांपासून त्याचे मागचे पाय घसरतात, उठायला दोन-दोन प्रयत्न करावे लागतात. गेल्या महिन्यात दोनदा झोपेतच अंथरुणात लघवी झाली. रात्री दोन-अडीचला उठून नखं वाजवत घरभर फिरतो, धापा टाकतो. जेवण मात्र ताटलीत पडायचा अवकाश, फस्त. नवरा म्हणतो, याचे हाल बघवत नाहीत. सासूबाई म्हणतात, "जीव घेणारे आपण कोण? त्याचं त्याला जाऊ दे." ताईंचा प्रश्न असा: जेवतोय तोवर तो ठीक आहे असं समजायचं का, आणि वेळ आली हे कळणार कसं?

ताई, मी गेली २६ वर्षं मुंबईत कुत्र्या-मांजरांवर उपचार करते. शिक्षण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालं, आणि तेव्हापासून दवाखाना मध्य मुंबईतच. तुमच्यासारखा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्या टेबलापाशी येतो. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल, पण एकदा सगळं सांगून टाकते.

तुम्ही एक प्रश्न विचारला असला तरी त्यात दोन प्रश्न आहेत. ब्रुनोला झालंय काय, हा पहिला. तो जगतोय कसा, हा दुसरा. घरातली माणसं काळजीपोटी पहिला ओलांडून थेट दुसऱ्यावर जातात. तुमच्या घरात वाद चाललाय तो जाऊ द्यायचं की नाही यावर. पण तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात एका तरी तपासणीचा उल्लेख आहे का? नाही. "वय झालंय" एवढंच आहे. वय झालंय हे खरं, पण ते निदान नव्हे. पाय घसरणं, रात्रीचं फिरणं, झोपेतली लघवी या तिन्हींची कारणं वेगवेगळी असू शकतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर औषध आहे. ब्रुनोला हात लावून बघितल्याशिवाय त्याला नेमकं काय झालंय ते मी सांगू शकत नाही. काय शोधायचं आणि का, ते मात्र सांगते.

आधी पाय. म्हाताऱ्या लॅब्रेडोरचे मागचे पाय कमजोर झाले की बहुतेक वेळा खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात निघतो. कधी गुडघ्यातला लिगामेंट गेलेला असतो, कधी कमरेच्या मणक्यांत नस दाबली जाते. आणि एक आजार असा आहे की त्यात दुखत काहीच नाही, पण पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू हळूहळू संदेश पोचवणंच बंद करतो. हे वेगळं ओळखायला घरी एक गोष्ट करून बघा. तो उभा असताना एका हाताने त्याच्या पोटाखाली आधार द्या. दुसऱ्या हाताने मागचा पंजा हलकेच उलटा करा, म्हणजे वरची बाजू लादीला टेकेल असा. निरोगी कुत्रा लगेच पंजा सरळ करतो. त्याने तो तसाच उलटा ठेवला, किंवा दोन-तीन सेकंदांनी सरळ केला, तर गडबड नसांमध्ये आहे. मागच्या पायांची मधली नखं वरून घासलेली दिसतात का तेही बघा. पंजा लगेच सरळ झाला, पण उठताना कान मागे जातात, चेहरा ताणलेला वाटतो, आणि पाच-दहा पावलं चालल्यावर चाल जरा मोकळी होते, तर तो सांध्याचा त्रास असण्याची शक्यता जास्त. म्हणजे त्याला दुखतंय.

इथे लोक म्हणतात, "पण तो ओरडत नाही हो." कुत्रं जुन्या दुखण्याला ओरडत नाही. ताज्या जखमेला, शेपटीवर पाय पडला तर ओरडेल. रोजचं दुखणं त्याच्या वागण्यात दिसतं. बसण्याआधी गोल फिरायचा, ते बंद होतं. दारात घ्यायला यायचा, आता जागेवरूनच शेपटी हलवतो. एकच मनगट चाटत बसतो. कमरेला हात लावला की मान वळवून बघतो. उभा राहिला की सगळं वजन पुढच्या पायांवर घेतो, त्यामुळे मागच्या मांड्या बारीक आणि छाती-खांदे भरलेले दिसू लागतात. यातलं काय काय ब्रुनोमध्ये आहे ते आठवून कागदावर लिहा.

सांधेदुखीवर कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं मिळतात आणि ती चांगली काम करतात. पण सुरू करण्याआधी मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी हवीच, आणि गोळी नेहमी जेवणानंतर. काळी शी, उलट्या किंवा जेवण नाकारणं दिसलं तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांना फोन. याच्याबरोबर स्टेरॉइड कधीच नाही. आणि ताई, हे सासूबाईंनाही वाचून दाखवा: माणसांच्या डब्यातली गोळी त्याला देऊ नका. आजीच्या गुडघ्यांची गोळी प्रेमापोटी अर्धी करून दिली, आणि कुत्रं रक्ताच्या उलट्या करत माझ्याकडे आलं, असं मी अनेकदा पाहिलंय. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बंद पडतं. पॅरासिटामॉलही स्वतःच्या अंदाजाने द्यायची वस्तू नाही.

पायांबरोबर एक गोष्ट लॅब्रेडोरवाल्यांना मी हटकून विचारते. त्याचा आवाज बदललाय का? भुंकणं घोगरं झालंय का, धाप टाकताना करवतीसारखा खरखर आवाज येतो का? म्हाताऱ्या लॅब्रेडोरमध्ये स्वरयंत्राच्या नसा दुबळ्या होतात, आणि अनेकदा त्याच आजारात मागचे पायही ढिले पडत जातात. असा कुत्रा आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन मजले चढला तर जिन्यातच कोसळू शकतो. आवाजात असा फरक जाणवत असेल तर पट्टा गळ्यात नको, छातीचा घाला. बाहेर नेणं सकाळी सातच्या आत आणि रात्री नवानंतर.

आता रात्रीचं फिरणं. त्याचीही दोन मोठी कारणं असतात आणि बाहेरून ती जवळपास सारखीच दिसतात. एक, दुखणं. दिवसभर घरात वर्दळ असते तेव्हा लक्ष दुसरीकडे असतं. रात्री एका कुशीवर पडून अंग आखडतं, मग उठतो, फिरतो, धापा टाकतो. दुसरं, मेंदूचं म्हातारपण. माणसाच्या स्मृतिभ्रंशाशी नातं सांगणारा हा आजार कुत्र्यांतही असतो. त्यात कुत्रं दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभं राहतं आणि दार उघडायची वाट बघतं. सोफ्यामागे शिरतं आणि मागे फिरायचं कसं ते त्याला सुचत नाही. भिंतीकडे बघत राहतं. घरच्याच माणसाला पाहून क्षणभर अनोळखी नजर देतं. दिवसा झोपतं, रात्री जागतं.

दोन्हींचा घोळ असला तर मी आधी दुखण्यावर उपचार करते. रक्त तपासून दोन-तीन आठवडे नेमाने वेदनाशामक द्यायचं आणि रोज रात्री तो किती वेळा उठला ते लिहायचं. फिरणं निम्म्याने कमी झालं तर उत्तर मिळालं. नाही झालं तर मेंदूच्या बाजूने विचार. त्यावर सेलेजिलिनसारखं औषध आहे, त्याचा फरक दिसायला चार-सहा आठवडे जातात, आणि सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही. औषधाशिवायही करता येण्यासारखं बरंच आहे. सकाळी अर्धा तास गॅलरीतल्या उन्हात बसवा. दिवसा दोन-तीनदा हाक मारून उठवा, थोडं खेळवा. रात्री पॅसेजमध्ये बारीक दिवा लावा. सोफ्यामागची जागा उशी घालून बंद करा. घरातलं सामान हलवू नका, त्याचं अंथरूण तर अजिबात नाही.

झोपेतल्या लघवीसाठी आधी पाणी मोजा. लिटरची बाटली घ्या, दिवसभर वाटीत फक्त तिच्यातूनच पाणी घाला आणि चोवीस तासांत किती संपलं ते लिहा. असं सलग तीन दिवस करा. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं, म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याने तीन लिटरच्या वर पाणी प्यायलं, तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा हॉर्मोनचा आजार शोधायलाच हवा. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून न्या. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढतं तेव्हा मूत्रपिंडाची साधारण तीन चतुर्थांश ताकद गेलेली असते. लघवीचा घट्टपणा त्याच्या आधी बोलतो. साधा लघवीचा संसर्गही निघू शकतो, आणि तसं असेल तर योग्य प्रतिजैविकाने अंथरूण पुन्हा कोरडं होतं.

मुंबईत राहतो म्हणून अजून एक. म्हातारं कुत्रं अचानक मलूल झालं की मी गोचीडताप बघितल्याशिवाय पुढे जात नाही. आपल्या हवेत गोचीड बारा महिने असते. प्लेटलेट उतरलेल्या, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, आणि घरचे म्हणतात वय झालं. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी तेच कुत्रं उठून दारात उभं राहिलेलं मी बघितलंय.

तपासणीचा एवढा आग्रह का, ते एका आठवणीवरून सांगते. लालबागच्या चाळीतून एक कुटुंब १५ वर्षांची पॉमेरेनियन घेऊन आलं. चिंगी नाव. रात्रीतून मान वाकडी झालेली, उभी राहिली की एका बाजूला कलंडायची, उलट्या, लाळ. आजोबा म्हणाले, "डॉक्टर, लकवा मारलाय. तिला मोकळी करा." सगळे रडत होते, निरोप घेऊनच निघाले होते. मी तिचे डोळे बघितले. बुबुळं आडवी, एका लयीत फडफडत होती. हा म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये येणारा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा झटका. दिसतो भयंकर, पण बहुतेक वेळा तीन दिवसांत उतरायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रं चालतं-फिरतं होतं. मी आजोबांकडे चार दिवस मागितले. उलटीचं औषध, सलाइन, दोन्ही बाजूंना उशा. तिसऱ्या दिवशी फोन आला की चिंगीने दूध-चपाती खाल्ली. मान शेवटपर्यंत थोडी वाकडी राहिली, पण ती अजून दोन वर्षं जगली. त्या दिवशी मी घरच्यांच्या रडण्याकडे बघून सुई भरली असती तर? म्हणून म्हणते, निदान आधी.

घरात काय बदलायचं ते पटकन सांगते. गुळगुळीत लादी ही तुमच्या ब्रुनोची मोठी शत्रू आहे. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत रबरी पाठीच्या चटया किंवा योगा मॅट अंथरा, मध्ये फट न ठेवता. पंजाच्या गादीतले वाढलेले केस आणि नखं कापून घ्या. बऱ्याच कुत्र्यांची अर्धी घसरण एवढ्यानेच थांबते. वाट्या छातीच्या उंचीवर ठेवा. वजन जास्त असेल तर दोन-तीन किलो उतरवा, सांध्यांना त्याचा जेवढा आराम मिळतो तेवढा कुठल्याही पावडरीने मिळालेला मी पाहिला नाही. दातही बघून घ्या. म्हाताऱ्या कुत्र्याच्या दातात पू असतो आणि तो एका बाजूने चावत राहतो.

जिना. तीन मजले दिवसातून चारदा हे आता त्याच्या आणि तुमच्या नवऱ्याच्या, दोघांच्याही कमरेला झेपणारं नाही. उतरताना पोटाखालून जाड टॉवेल घालून मागचा भाग सावरून धरायचा, सगळं वजन पेलायचं नाही, फक्त आधार. फेऱ्या दोनवर आणा. बाकीच्या वेळेसाठी गॅलरीत किंवा बाथरूममध्ये मोठा ट्रे ठेवा आणि त्यात त्याच्या नेहमीच्या झाडाखालची थोडी माती घाला. जन्मभर घरात न केलेला कुत्रा संकोचतो, बारा-बारा तास लघवी धरून ठेवतो. मातीचा वास त्याला परवानगी देतो. पहिल्यांदा केली की तोंडभरून कौतुक करा. आणि पावसाळ्यात रोज, अगदी रोज, शेपटीखाली आणि मांड्यांच्या आत बघा. ओलं राहिलेलं कातडं आणि माशी एकत्र आली की आपल्याकडे एका रात्रीत अळ्या पडतात.

हे सगळं झालं, औषध सुरू झालं. आता तुमचा दुसरा प्रश्न: तो जगतोय कसा?

जेवणावरून ठरवू नका. निदान लॅब्रेडोरचं तरी नको. या जातीची भूक बाकी सगळं संपल्यावर संपते. पोटात फुटलेली गाठ घेऊन आलेल्या लॅबने टेबलावरून माझ्या हातातलं बिस्कीट घेतलंय. पॉमेरेनियन किंवा आपलं देशी कुत्रं जेवण सोडतं तेव्हा तो मोठा इशारा असतो. लॅब सोडतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून "जेवतोय ना" हे वाक्य मी घरच्यांच्या तोंडून ऐकलं की हळूच बाजूला ठेवते आणि विचारते, जेवणानंतर तो काय करतो?

अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस या प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांनी २००४ मध्ये एक मोजपट्टी मांडली, ती जगभरातले पशुवैद्य वापरतात. वेदना (श्वासाचा त्रासही त्यातच धरतात), भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण, दहा म्हणजे सगळ्यात चांगलं. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. मीही वापरते, दोन बदल करून. पहिला, घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता गुण द्यायचे. तुमच्या घरात नवऱ्याचे २४ आणि सासूबाईंचे ४६ आले तर मला नवल वाटणार नाही. पण मग वाद ‘जाऊ द्यायचं की नाही’ यावरून उतरून "तुम्ही वेदनेला आठ का दिले आणि मी तीन का दिले" यावर येतो. नवरा रात्री दोनला जागा असतो, सासूबाई दुपारी उन्हात झोपलेला ब्रुनो बघतात. दोघंही खरंच सांगत असतात. दुसरा बदल, वेदना आणि श्वास या दोन गोष्टी मी बेरजेत घेत नाही. औषधानेही वेदना आवरत नसेल किंवा झोपेतही श्वास लागत असेल, तर भुकेचे दहा गुण त्याची भरपाई करू शकत नाहीत.

श्वास मोजायचा तो असा. पंखा चालू, कुत्रं गाढ झोपलेलं, तोंड मिटलेलं. छाती एकदा वर-खाली म्हणजे एक. तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत हवा. रोज तिसाच्या वर जायला लागला तर हृदय किंवा फुप्फुस तपासायला हवं. हिरड्या जांभळट दिसल्या, मान लांब करून, कोपरं बाहेर काढून बसूनच श्वास घेतोय असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता निघायचं.

तुम्हाला एक घरगुती काम देते. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय असतं ना, त्यावर दुधाचा हिशेब लिहितो तसं रोज रात्री त्याच्या तारखेवर एक खूण करा. चांगला दिवस असेल तर बरोबरची, वाईट असेल तर फुली. कशाला चांगला म्हणायचं ते मात्र आजच ठरवून पानाच्या कडेला लिहा, नाहीतर मन रोज रेघ थोडी खाली सरकवत जातं. ब्रुनोला आयुष्यभर आवडलेल्या तीन गोष्टी निवडा. तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी मुलाची शाळेची बस आली की तो गॅलरीत जाऊन उभा राहतो. ही एक. बाकी दोन तुम्ही शोधा. तीनपैकी दोन त्याने स्वतःहून केल्या, तर चांगला दिवस. महिना संपला की पान समोर धरा. मन कालचा एकच दिवस धरून बसतं, आजचा बरा गेला की आठवडाभराच्या फुल्या विसरतं. सलग दोन आठवडे फुल्या जास्त दिसल्या तर डॉक्टरांशी त्या पानासकट बोला.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते मला टाकाऊ वाटत नाही. अनेक घरं श्रद्धेपोटी दयामरण नाकारतात आणि मी त्यांना शेवटपर्यंत साथ देते. दुखणं आवरलं, उलटी आवरली, अंग दर तीन-चार तासांनी कुशीवर वळवलं, खाली मऊ फोम आणि अंडरपॅड ठेवलं, तोंड ओलं ठेवलं, आणि कोणीतरी सतत जवळ असलं, तर काही कुत्री घरच्यांच्या मांडीवर शांतपणे जातात. पण सासूबाईंना हेही सांगा की ‘त्याचं त्याला जाऊ दे’ म्हणजे काहीच न करणं नव्हे. ते सगळ्यात जास्त कष्टाचं काम आहे, रात्रंदिवस. आणि सगळेच आजार शांतपणे नेत नाहीत.

हे मी माझ्या ठकीपाशी शिकले. परळला कॉलेजच्या आवारात सापडलेली देशी कुत्री, १४ वर्षं माझ्याकडे होती. मूत्रपिंडं गेली. मी डॉक्टर, मला आकडे समजत होते. पण मुलीची बारावीची परीक्षा होती, नवरा नागपूरला होता, आणि मी रोज सलाइन लावून म्हणत होते, तो येईपर्यंत. नऊ दिवस काढले. शेवटच्या दोन दिवसांत तिच्या तोंडात व्रण पडले. तिला तहान लागायची. ती पाण्याच्या वाटीवर तोंड धरून उभी राहायची, मिनिट मिनिट, पण जीभ लावायची नाही, कारण झोंबायचं. मी बाजूला बसून कापसाने पाणी लावायचे. आठव्या रात्री मला जे कळत होतं ते मी नवव्या संध्याकाळी केलं. ती एक रात्र मी तिला उगाच भोगायला लावली, आणि ते अजून मनातून जात नाही. माझ्याकडे नंतर भेटायला येणाऱ्या लोकांमध्येही "घाई केली" म्हणणारे कमी असतात, "थांबायला नको होतं" म्हणणारे जास्त.

म्हणून लक्ष्मणरेषा आत्ताच, शांत डोक्याने ठरवा, आणि सासूबाईंनाही त्यात घ्या. मी घरच्यांना चार सांगते: श्वास लागणं, न थांबणारी फिट, औषधाने न आवरणारी वेदना किंवा उलटी, आणि उठताही येत नाही म्हणून घाबरून ओरडत राहणं. यातलं एक घडलं तर नैसर्गिकपणे जाऊ देण्याचा आग्रहही सोडायचा, असं आधी एकमत करा. रात्री दोनला ते ठरत नाही. तेव्हा फोन कोणाला करायचा तेही शोधून ठेवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय सगळ्यांना ठाऊक आहे, २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचंही मोठं रुग्णालय आहे, पण पार्ल्याहून मध्यरात्री ३० किलोचं कुत्रं घेऊन तिथवर जाणं सोपं नाही. तुमच्या जवळचा कोणता दवाखाना रात्री उघडा असतो, कोणते डॉक्टर घरी येतात आणि कोणती गाडी कुत्रं घेते, हे तीन नंबर फ्रिजवर चिकटवा.

आणि तो दिवस आलाच, तर काय होतं? लोक विचारायला घाबरतात, म्हणून स्वतःहून सांगते. संमतीचा कागद असतो, त्यावर सही. आधी भुलीचं इंजेक्शन, त्याने तो पाच-दहा मिनिटांत घोरायला लागतो. मग शिरेतून दुसरं औषध, तेही भुलीच्याच जातीचं, पण मोठ्या मात्रेत. त्याने काही क्षणांत श्वास आणि मग हृदय थांबतं. त्याला फक्त पहिली सुई जाणवते. डोळे उघडे राहतात, लघवी सुटू शकते, आणि नंतर एक-दोन खोल उसासे येऊ शकतात. ते तो परत आल्याचं लक्षण नव्हे, शरीराची ती आपोआप होणारी हालचाल असते. जमलं तर घरीच, त्याच्याच अंथरुणावर. तुम्ही डोक्यापाशी बसा, बोलत राहा.

मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणालात. त्याला "गावाला शेतावर पाठवलं" असं सांगू नका. माझ्या दवाखान्यात आता मोठी झालेली मुलं येतात, ज्यांना हे सांगितलं गेलं होतं आणि ज्यांनी वर्षानुवर्षं गावाला जाताना कुत्र्याची वाट बघितली. त्याला खरं सांगा, साध्या शब्दांत. जवळ थांबायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. ‘झोपवलं’ हा शब्द लहान मुलाशी वापरू नका, मूल स्वतः झोपायला घाबरतं. दहनासाठी २०२३ पासून मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठी सोय आहे, आधी फोन करून वेळ आणि कागदपत्रं विचारून घ्या.

पण ताई, तुमच्या पत्रावरून मला ब्रुनो त्या टप्प्यावर आलाय असं अजिबात वाटत नाही. बस आली की गॅलरीत जाणाऱ्या कुत्र्यासाठी आधी खूप काही करून बघायचं बाकी आहे. या आठवड्यात चटया टाका, नखं कापा, तीन दिवस पाणी मोजा. मग उपाशीपोटी रक्त, सकाळची लघवी आणि कमरेचा-खुब्याचा एक्सरे. वेदनाशामक सुरू झालं की तीन आठवडे कालनिर्णयावर खुणा. डॉक्टरांकडे जाताना तो झोपेतून उठतानाचा व्हिडिओ घेऊन जा, दोन प्रयत्नांसकट, मागून आणि बाजूने असे दोन, दिवा लावून. टेबलावर भीतीने सगळी कुत्री ताठ उभी राहतात, खरी चाल तिथे दिसत नाही.